नुसती बोरं नकोत

माणसं बाजार भरवायला शिकली, त्याच्याही आधी रानात बाजार भरायचा. तिथली रीत अशी, की गिऱ्हाइकाने तोंड उघडलं रे उघडलं की सगळ्या विक्रेत्यांनी ओरडायला लागायचं. पोपटाचा आवाज सगळ्यांच्या वर. खारीचा आवाज बारीक, त्यामुळे तिची बोरं पडून पडून सुरकुतली. थंडी तोंडावर आली होती आणि पिल्लांच्या अंथरुणासाठी तिला बोरांच्या बदल्यात गवत हवं होतं.

एक म्हातारा ससा गवताचा भारा घेऊन आला. "बोरं..." एवढंच तो म्हणाला आणि "ताजी! करकरीत! टपोरी!" असा एकच गिल्ला झाला. बिचारा कान पाडून परत निघाला.

खारीला राहवेना. ती त्याच्यामागे धावली. "आजोबा, तुमचं बोलणं अर्धंच राहिलं. कसली बोरं हवीत?"

"काय सांगू, पोरी! दात पडलेत. फार गोड सोसत नाही. मऊ, सुरकुतलेली, जराशी आंबट हवी होती. पण एवढं ऐकतंय कोण?"

खारीने टोपली पुढे केली. सशाने एक बोर चाखलं आणि अख्खा भारा तिच्यापुढे ठेवला.

पोपट चिडला. "असं काय बोललीस गं त्याला?"

"मी कुठे बोलले?" गवत उचलत खार म्हणाली. "त्याला बोलू दिलं."