टेकडीवरचे खड्डे

फार मागे, रानात माणसाची पायवाट पडायच्या आधी, जनावरं आपला पुढारी निवडत. टेकडीच्या माथ्यावर प्रत्येक उमेदवाराचा खड्डा असे. जो पसंत, त्याच्या खड्ड्यात आपला खडा टाकायचा. त्या साली तरस आणि अंगभर काट्यांची साळू अशी दोघं उभी होती.

निवडीच्या दिवशी, पायथ्याशी राहणाऱ्या, मागचा पाय मोडलेल्या घोरपडीकडे तरस सकाळीच आला.

"ताई, कशाला त्रास घेता? खडा माझ्याकडे द्या. सांगाल तिथं टाकतो."

घोरपडीनं खडा पंजाखाली घट्ट दाबला. वर्षभर हा इकडे फिरकला नव्हता. "साळूच्या खड्ड्यात टाकशील?"

"टाकीन की," तरस म्हणाला, पण नजर चुकवून. "नाहीतर पाठीवर बसा."

"मागल्या खेपेला बसले होते. खडा पडला आणि तू मला वरच सोडून गेलास. उतरताना दुसरा पाय जायचा राहिला."

"मग करायचं काय?"

"खड्डे खाली खणा. माती इथंही आहे."

शेजारच्या बिळाशी बसलेल्या साळूनं ते ऐकलं आणि ती पायथ्याशी खणायला लागली. टेकडीकडे निघालेली जनावरं बघत होती, तेव्हा तरसालाही खणावं लागलं. मग झुडपांतून आंधळं अस्वल आलं, लंगडी हरणी आली, थकलेली रानम्हैस आली.

तरस दचकला. "एवढे जण कुठं होते इतकी वर्षं?"

"इथंच," घोरपड म्हणाली. "आता तोंड तिकडे फिरव. मला खडा टाकायचाय."