बुजवलेला कोनाडा

मांडवखारच्या भट्टीमागची ही विहीर. वाकून बघा, पण चष्मे सांभाळा. तळाशी आधीच चार आहेत. पाण्याच्या वर दोन कोनाडे दिसतील. एकात झाकणाची वाटी आहे. दुसरा चुन्याने बुजवलाय. तो का बुजवला, त्याची हकिगत अशी सांगतात.

फार वर्षांपूर्वी ही भट्टी नातालीन नावाची विधवा चालवायची. तिच्या पावाला अशी चकाकी, की गावातले बाप्ये म्हणे त्यात बघून भांग पाडत. फेटलेलं अंडं ती कोंबडीच्या पिसाने पावावर फासायची. भट्टीत घालताना एकदा आणि गरम पाव बाहेर काढला की जास्त चमकावा म्हणून पुन्हा एकदा.

नातालीनला काही टाकवत नसे. आंबलेल्या पिठाचा गोळा रोज थोडा राखून तिने तीस वर्षं चालवला होता. त्यावरच दुसऱ्या दिवशीचं पीठ फुगायचं. उरलेल्या अंड्याचंही तसंच करावं, असं तिच्या मनाने घेतलं. मडक्यात कालचं असायचं, त्यातच ती आजचं फोडायची. मडकं कधी रिकामं झालं नाही, म्हणून कधी धुतलंही गेलं नाही.

आधी मांजर भट्टीत यायचं बंद झालं. मग कोंबड्या दारावरून जाईनात. सकाळी मडक्याचं झाकण आपसूक सरकलेलं असायचं म्हणे. तिची नणंद रोजा म्हणाली, "वयनी, हे पीठ नव्हे. पीठ आंबतं, हे सडतंय."

"तुझा पाव खाल्लाय मी, रोजा. त्याला चकाकी येत नाही, नुसतं शहाणपण येतं."

नातालीनला मुलगी एकच, इजाबेल. तिच्या लग्नाच्या सकाळी नातालीनने मडकं तळापर्यंत ढवळलं आणि गरम पावांवर दुसरा हात मारायला घेतला. पिसाची टोकं काळी पडलेली दिसली, तसा तिचा हात थांबला. क्षणभरच. मग पुन्हा चालू लागला.

पहिला पाव नवरीचा. दुपारी बँडवाला वाजवता वाजवता खाली बसला, मग वऱ्हाड एकेक करून आडवं झालं, आणि इजाबेल तर लग्नाच्या झग्यातच निपचित पडली.

नातालीन मडकं घेऊन विहिरीवर धावली. ती ते ओतणार, तोच रोजाने तिचं मनगट धरलं. "पाण्यात टाकलंस तर उरलेलेही जातील." तेव्हा नातालीनने पायऱ्या उतरून मडकं कोनाड्यात सारलं, स्वतःच्या हातांनी चुना थापला आणि नवस बोलली, "पोर उठू दे. उरलेलं अंडं माझ्या भट्टीत दुसरी दुपार बघणार नाही, आणि फेकलंही जाणार नाही."

तिसऱ्या दिवशी इजाबेल उठली. आईच्या हातचा पाव मात्र तिने जन्मात पुन्हा तोंडाला लावला नाही.

आजही इथे उरलेलं अंडं झाकून या गार कोनाड्यात ठेवतात, त्यात नवं मिसळत नाहीत, वाटी रोज उकळत्या पाण्याने धुतात. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्याची पोळी खरपूस भाजून विहिरीवर असेल त्याला देतात. तुम्हालाही मिळेल. तोंडं वाकडी करू नका, कालचंच आहे.

आणि आजही मुलीचं लग्न ठरलं की तिची आई खाली उतरून बुजवलेल्या कोनाड्यावर नवा चुना फासते, कारण जुना दरवेळी आतून फुगलेला असतो. नवा सुकला की त्यावर चकाकी येते, नातालीनच्या पावासारखी. लांबूनच बघा. बोटाला चिकटते.