कातळखिंडीचे पान

एका राज्यात मुलांना इतिहास शिकविण्यासाठी एकच चित्रपोथी होती. प्राचीन काळी एका सिद्धाने ती मंत्राने बांधली होती. तिच्या प्रत्येक पानावर एका राजाचा पराक्रम आणि त्या पराक्रमात सोबतीला असलेला एक प्राणी रंगविलेला असे. पानांवर अक्षर नव्हते. मुले पाहत आणि जाणत.

पान रंगविण्याची रीत ठरलेली होती. चितारीण सारे चित्र पुरे करी, डोळे मात्र कोरे ठेवी. मग ती घटना प्रत्यक्ष पाहिलेल्याला बोलावीत. तो पानासमोर उभा राहून म्हणे, "असेच घडले." त्यानंतरच एका केसाच्या कुंचल्याने डोळे रेखले जात.

सुधन्वा राजाने कातळखिंडीचे युद्ध जिंकले, त्याला बारा वर्षे झाली, तेव्हा त्याचे पान रंगले. खिंडीत राजा एकटा उभा, हाती खड्ग, समोर शत्रू पाठमोरा. शाल्मली चितारणीचा हात थबकला.

"महाराज, साक्षी कोण? आणि प्राणी कोणता?"

"साक्षी मीच. प्राणी नव्हता. रेख डोळे."

राजाच्या शब्दाला आणखी पुरावा कसा मागावा, या संकोचाने शाल्मलीने डोळे रेखले.

दुसऱ्या दिवशी पाठशाळेतील एकोणीस मुलांनी ते पान पाहिले आणि एकोणिसांच्याही पापण्या मिटल्या, त्या उघडेनात. त्यांत राजाची सात वर्षांची कन्या अवंती होती. पोथीतल्या हत्तींनी, अश्वांनी आणि ससाण्यांनीही डोळे मिटून घेतले.

पोथीची राखण करणारा धनेश पक्षी पाठशाळेच्या कमानीवरून खाली उतरला.

"शाल्मलीबाई, हात थबकला नाही का?"

"थबकला. तरी चालविला."

"मग ऐक. खोट्याला दृष्टी दिलीस, म्हणून पाहणाऱ्यांची गेली. सिद्धाचा शापच तसा आहे. तीन साक्षी मिळव. तिसऱ्या सूर्यास्ताच्या आत खरे पान रंगले नाही, तर या पापण्या पुन्हा उघडणार नाहीत."

"साक्षी कुठे शोधू?"

"खिंडीकडे. दरबारात सगळे राजाच्या तोंडाकडे पाहत असतात. त्यांनी दुसरे काय पाहिले असणार?"

पहिल्या दिवशी खिंडीवरच्या गुहेत शाल्मलीला एक वृद्ध लांडगी भेटली.

"खोटे रंगविलेला हात माझ्या जबड्यात ठेव," लांडगी म्हणाली. "खरे ऐकताना मागे घेतलास, तर तो माझा."

शाल्मलीने हात ठेवला. जबडा न हलविता लांडगी बोलू लागली. "राजाचे सैन्य फुटले. पाण्याच्या पखाली वाहणारे एक खेचर खिंडीच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. बाण लागले, तरी ते हलेना. शत्रूचे घोडे त्याच्यामागे कोंडले. राजा नदीकडे पळाला. मग मी पिलांना घेऊन निघून गेले."

शाल्मलीने शेवटपर्यंत ऐकले. हात मागे आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती नदीच्या डोहाशी गेली. तेथल्या कासवाने बजावले, "तळाशी ये. वर मी बोलत नसतो." ती तळाशी गेली. कासवाने गाळातले एक गंजलेले खड्ग दाखविले. "राजाने पोहताना टाकले. जड झाले असावे." ते खड्ग घेऊन ती वर आली.

तिसऱ्या दिवशी तिने जुने चित्र धुऊन काढले, खेचर रंगविले, पळणारा राजा रंगविला, आणि पान व खड्ग राजापुढे ठेवले. राजा अवंतीच्या उशाशी बसला होता. खड्ग पाहून त्याचा चेहरा उतरला.

"तिसरा साक्षी कोण?"

"नदी ओलांडल्यावर पुढे काय घडले, हे जाणणारा एकच आहे, महाराज."

"हे पान मुले पाहतील, शाल्मली. पिढ्यान्‌पिढ्या पाहतील."

"पाहू शकली तर, महाराज."

राजाने मुलीच्या मिटल्या पापण्यांवरून बोट फिरविले. मग तो बोलला.

"मी पळालो. पण पैलतीरावरही त्या खेचराचे ओरडणे ऐकू येत होते. ते मला सोसवेना. मी रिकाम्या हातांनी परत आलो आणि त्याच्या मानेला खांदा लावून उभा राहिलो. मला तसा उभा पाहून आमचे लोक मागे फिरले. शत्रू हटला, तेव्हा कुठे ते खेचर कोसळले."

"यात तर खरा पराक्रम आहे! तो का लपविलात?"

"परत येणे सांगायचे, तर पळणेही सांगावे लागले असते."

सूर्य क्षितिजाला टेकत होता. शाल्मलीने त्याच पानावर तोच राजा दुसऱ्यांदा रंगविला, खेचराला बिलगून उभा. राजा पानासमोर उभा राहिला.

"असेच घडले."

शाल्मलीने आधी खेचराचे डोळे रेखले, मग राजाचे. पोथीतल्या हत्तींनी पापण्या उघडल्या, अश्वांनी उघडल्या, ससाण्यांनी उघडल्या; आणि एकोणीस मुलांनीही डोळे उघडले.

अवंतीने पान जवळ ओढले. "तात, हा पळणारा कोण?"

"मी."

"आणि हा, खेचराजवळचा?"

"तोही मीच."

तिने खेचरावर बोट ठेवले. "खेचराचे नाव काय होते?"

राजाला ते ठाऊक नव्हते. बारा वर्षांत त्याने कोणाला विचारले नव्हते. तो उठला, मुलीचा हात धरून पायी पखालवाल्यांच्या वस्तीत गेला आणि त्या युद्धात पाणी वाहिलेल्या एका वृद्ध पखालवाल्यापुढे त्याने मस्तक लवविले.

"आजोबा, कातळखिंडीत माझ्याआधी जे उभे राहिले, त्याचे नाव सांगा."

"साळू, महाराज," म्हातारा म्हणाला. "मोठी हट्टी होती."

त्या राज्यात ते पान आजही उघडले जाते, आणि पाहणारी मुले राजाच्याही आधी साळूचे नाव घेतात.