हौसाच्या घरची

नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही हकिकत. फार वर्षांपूर्वी करंजपारच्या माणसांना बाजाराला जायचं तर नावेतून जावं लागे, आणि नाव होती रावजी तारूची. गावाच्या खालच्या अंगाला नदी वळते तिथं एक डोह आहे. त्याचं पाणी भर उन्हातही काळं दिसतं. त्या डोहात साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी, राहतात, असं म्हणतात. काठावर शेंदूर फासलेले दगड आहेत, आणि येता-जाता बाया तिथं हळदकुंकू वाहतात. हा डोह ज्याला घेई त्याला परत देत नसे. बुडालेल्याचं प्रेतसुद्धा वर येत नसे. त्यामुळे गावात अशीही घरं होती, जिथलं माणूस गेलं होतं, पण त्याला अग्नी देता आला नव्हता.

रावजीला एकच मुलगी होती. तिचं नाव हौसा. ती लहान असताना एकदा पुराच्या पाण्यानं नाव डोहाकडे ओढली. रावजीनं काठावरच्या बाभळीकडे दोर फेकला, दोर अडकलाही, पण त्याचा फास हौसाच्या पायात पडला आणि ती पाण्यात गेली. माणसांनी त्याच दोरानं तिला बाहेर ओढलं. पोर वाचली, पण पाय काळानिळा पडला होता. तालुक्याच्या डॉक्टरांना तो गुडघ्याखाली कापावा लागला.

रावजीनं तो पाय मागून घेतला. धोतराच्या फडक्यात गुंडाळून गावी आणला आणि डोहाच्या काठाशी उभं राहून पाण्यात सोडला.

"घ्या," तो म्हणाला. "तुमचा वाटा तुम्हाला पोचला. बाकीची माझी."

पाय खाली गेला आणि पाण्यावर एक तरंगही उठला नाही, असं म्हणतात.

पुढं हौसा कुबडी घेऊन चालायला लागली. एक दिवस सकाळी तिच्या आईला कुबडी काठावर पडलेली दिसली. आईनं ऊर बडवून घेतला. मग बघते तर पोर डोहाच्या मधोमध उताणी पडून आभाळाकडे बघते आहे. हाका मारल्यावर ती सावकाश काठाला आली.

"आई, जमिनीवर मला एक पाय कमी पडतो," ती म्हणाली. "पाण्यात पडत न्हाई."

आईनं तिला मारलं नाही. कारण ती येत होती तेव्हा तिच्या मागं पाणी दोन्ही बाजूंनी कापलं जात होतं, दोन पाय मारल्यासारखं. आईनं ते पाहिलं आणि ती घरी जाऊन तापानं पडली.

हौसा वयात आली त्या वर्षी सुताराचा तरणा मुलगा डोहात गेला. गाव काठावर जमलं, रडलं आणि रीतीप्रमाणे परतायला निघालं. तेव्हा हौसा पुढं झाली. दाराला कान लावून आतलं बोलणं ऐकावं तसा तिनं पाण्याला कान लावला. थोडा वेळ ऐकलं. मग ती खाली गेली आणि त्या मुलाचं प्रेत केसांना धरून वर घेऊन आली. डोहानं परत दिलेला तो पहिला माणूस.

त्यानंतर तिनं आधीचेही आणले. कुणाची हाडं, कुणाचं हाताचं कडं. जी घरं थांबून राहिली होती त्यांनी आपापल्या माणसाला अग्नी दिला. त्या दिवसांत करंजपारच्या घाटावर चिता विझत नव्हती, असं म्हणतात.

तुम्हाला वाटेल, गावानं तिला डोक्यावर घेतलं असेल. तसं झालं नाही. लोक तिला भ्यायला लागले. ती पाणवठ्यावर आली की बाया घागरी उचलून बाजूला होत. तिला मागणं आलं नाही. शेजारची वच्छी तर तिला उंबऱ्याच्या आत घेत नसे, आणि वच्छीच्याच भावाची हाडं हौसानं वर आणली होती.

"जिला पाणी परत सोडतं," वच्छी म्हणे, "ती आपल्यातली नसते."

हौसा हे ऐके आणि कुबडी टेकत घरी येई. रावजी मात्र रात्री न जेवता उठे.

मग एकदा शहरातली काही मंडळी नदीवर सहलीला आली आणि त्यांच्यातला एक जण बुडाला. त्याचे मामा खैरमोडे सर शहरात पोहायला शिकवत. भाच्याचं ऐकून ते धावत आले. आपल्याला पोहता येतं म्हणून स्वतः उतरले, आणि डोहाच्या तोंडाशीच त्यांचे हातपाय गार पडले. त्यांना माणसांनी बाहेर काढलं. त्यांच्या डोळ्यांदेखत एका पायाची पोर पाण्यात गेली आणि भाच्याला घेऊन आली. सर त्या दिवशी भाच्याला घेऊन शहरात गेले. दिवसकार्य उरकल्यावर ते पुन्हा आले आणि रावजीच्या ओट्यावर बसले.

"पोरीला माझ्याकडे पाठवा," ते म्हणाले. "तिच्यासारख्यांच्या शर्यती असतात. पार परदेशात असतात."

"तिच्यासारखं कोण हाय?" रावजीनं विचारलं.

"पाय नसलेले, हात नसलेले पुष्कळ आहेत. जगभरातनं येतात."

रावजीनं हौसाकडे पाहिलं. ती कुबडी घेऊन निघायला उभीच राहिली होती.

शहराचा तलाव निळा होता, तळ दिसेल असा. हौसा त्यात उतरली आणि तिला पोहता येईना. शिकाऊ पोरं तिच्या पुढं गेली. सर चिडले नाहीत, त्यांनी विचारलं, "काय होतंय?"

"सर, ह्या पाण्यात कोणच न्हाई," ती म्हणाली. "आमच्या डोहात खाली कुणीतरी वाट बघत असतं. इथं मी कुणाकडं जाऊ?"

 सर माणूस जाणते होते. ते म्हणाले, "मग पलीकडच्या काठाला जा. तिथं मी वाट बघतो."

त्या दिवसापासून रोज पहाटे ते समोरच्या काठावर उकिडवे बसत आणि हौसा त्यांच्याकडे जाई. थंडीत ओठ निळे पडत, खांदे भरून येत. पोहण्याची रीत तिनं पहिल्यापासून शिकली: श्वास कधी घ्यायचा, भिंतीला वळायचं कसं. डोहानं तिला हे काही शिकवलं नव्हतं. जिल्ह्यात जिंकली, राज्यात जिंकली, देशात जिंकली. आणि मग विमानानं समुद्रापलीकडे गेली, जिथं पॅरालिंपिक होतं.

तिथं तिनं पहिल्यांदा आपल्यासारखी इतकी माणसं एका जागी पाहिली. कुणाला दोन्ही पाय नव्हते, कुणाला डोळे नव्हते, आणि ती हसत होती, एकमेकांची थट्टा करत होती. तिच्याकडे पाहून कुणी बाजूला झालं नाही. एक परकी मुलगी, तिलाही एकच पाय, आपल्या वाटणीचं फळ कापून हौसाला देऊन गेली. त्या दिवशी हौसा खोलीत जाऊन खूप रडली, असं म्हणतात.

शर्यतीच्या वेळी इकडे करंजपारला रावजी काठावर बसून होता. वारा नव्हता, तरी डोहाचं पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे हललं आणि परत आलं. मग पार स्थिर झालं. रावजी उठला आणि घरी येऊन म्हणाला, "पोहोचली पोर." तिला पदक मिळाल्याची बातमी नंतर आली. सोन्याचं होतं म्हणणारे आहेत, चांदीचं म्हणणारेही आहेत. ती त्यानंतरही कितीतरी वर्षं पोहली, मग शहरातच शिकवायला लागली. हात-पाय नसलेली मुलं तिच्याकडे लांबून येत. ती त्यांच्यासाठी समोरच्या काठावर उकिडवी बसे.

रावजी थकला तेव्हा ती गावी आली. केसांत चांदी आली होती, लाकडी पाय लावून चालत होती. गाव तिला आता हौसाक्का म्हणे, पण घागरी अजून बाजूला होत.

त्या पावसाळ्यात बाजाराचा दिवस होता. नाव भरलेली होती आणि पूर अचानक चढला. डोहाच्या तोंडाशी नाव उलटली. हौसानं लाकडी पाय सोडून काठावर टाकला आणि ती उतरली. एकेकाला धरून आणत राहिली. काठावरच्यांनी ओढून घ्यायचं, तिनं पुन्हा जायचं. शेवटी सगळे आले, एक वच्छी तेवढी राहिली.

म्हातारा रावजी काठावर येऊन उभा होता, त्यानं तिला हात धरून थांबवलं. "पुरे झालं, पोरी. दम न्हाई राहिला तुझ्यात."

"आबा, ती खाली जिती हाय," हौसा म्हणाली. "मला ऐकू येतंय."

ती गेली. माणसाला जितका वेळ दम धरता येतो तितका वेळ गेला. मग त्याहून जास्त गेला. बाया रडायला लागल्या. आणि वच्छी वर आली, एकटी, श्वास चालू असलेली. ती काय बोलली ते गावात आजही सांगतात.

"खाली बाया बसल्यात," ती म्हणाली. "हिरव्या लुगड्यांतल्या. त्यांनी मला धरलं व्हतं. अक्का आली आणि त्यांच्याशी भांडली. शेजारणीशी भांडावं तशी. त्या म्हणाल्या, ही तुझी कोण? अक्का म्हणाली, माझ्या घरची हाय. मग त्यांनी हात सोडला."

एवढं बोलून वच्छी पाण्याकडे तोंड करून बसली आणि हौसा वर येईपर्यंत हलली नाही. दिवस कलल्यावर हौसा आली. जिवंत आली. तिचे केस कापसासारखे पांढरे झाले होते. वच्छीनं तिला पाठीवर घेतलं, आपल्या घरात नेलं आणि चुलीपुढं बसवून स्वतःच्या हातानं पेज पाजली. खाली आणखी काय बोलणं झालं ते हौसानं कुणाला सांगितलं नाही. ती म्हातारी होऊन, अंथरुणावर, चार माणसांत मेली.

आता नदीवर पूल आहे. नाव कुणी चालवत नाही. पण करंजपारमध्ये चैत्रात पाणी उतरलं की गावातली सगळी लहान मुलं डोहावर नेतात. पाटलाची, सुताराची, चालणारी, न चालणारी, सगळी. त्यांना तिथंच पोहायला शिकवतात. मूल पाण्यात उतरण्याआधी घरचं मोठं माणूस काठावर उभं राहून त्याचं नाव मोठ्यानं सांगतं. बापाचं नाव सांगत नाहीत, आडनाव सांगत नाहीत. नाव झालं की फक्त एवढंच म्हणतात, "हौसाच्या घरचं हाय."

मग सगळे पाण्याकडे बघत थांबतात. काळ्या पाण्यातून एक बुडबुडा वर येतो आणि फुटतो. तो आला की खालच्या बायांनी ऐकलं असं समजतात, आणि मूल उतरतं. एखाद्या मुलाच्या वेळी तो येत नाही. तेव्हा कुणी काही विचारत नाही, त्या मुलाला उचलून घरी नेतात आणि त्याला पुढच्या चैत्रापर्यंत नदीकडे जाऊ देत नाहीत.