लाखोळी मिसळलेला हरभरा

पूर्वी चहूबाजूंनी डोंगर असलेल्या पर्णावती नावाच्या लहानशा राज्यात राजा धृतिषेण राज्य करीत असताना बोधिसत्त्व बुरुडाच्या कुळात जन्मले होते. ते बांबूची सुपे विणून दारोदार विकत. राज्यात येण्याची वाट एकच आणि त्या वाटेने धान्य आणणारा व्यापारीही एकच, श्रेष्ठी कालक. लोक त्याच्याकडचा हरभरा खात, कारण दुसरीकडे तो मिळतच नसे.

बोधिसत्त्वांच्या शेजारी नंदिला नावाची विधवा राहत होती. तिची मुलगी सुमना सोळा वर्षांची. त्या हिवाळ्यात सुमनेच्या टाचा जमिनीला टेकेनात. मग चालताना गुडघे एकमेकांत अडकू लागले. शेवटी ती अंगणात हातांवर सरकू लागली.

बोधिसत्त्वांनी नंदिलेच्या घरचा हरभरा सुपात घेऊन पाखडला. त्यात लाखोळी या स्वस्त कडधान्याचे कोनदार दाणे निघाले, जवळजवळ तिसरा हिस्सा. लाखोळी रोज पोटात गेली की माणसाचे पाय जातात, हे त्यांनी आजोबांकडून ऐकले होते.

ते तडक कालकाकडे गेले. कालक हसला.

"नको असेल तर घेऊ नकोस. कोणी जबरदस्ती केली आहे का?"

"दुसरे दुकान दाखवा, शेटजी. मग नाही घेत."

"ते नाही ना? मग निवडून खा."

तिथून ते राजाच्या धान्याधिकाऱ्याकडे गेले. तो जांभई देत म्हणाला, "वाताचा विकार असेल. एका पोरीसाठी श्रेष्ठींना काय विचारायचे?"

"अशी तक्रार घेऊन आधी कोणी आले होते?"

"येतात की. एकेकटे येतात, एकेकटे परत जातात."

ते वाक्य बोधिसत्त्वांच्या काळजात रुतले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विणकाम बाजूला ठेवले आणि घरोघरी जाऊन धान्य पाखडून दाखवले. त्रेचाळीस घरांत कोणी ना कोणी लुळे पडले होते. दोन हिवाळे प्रत्येक घर आपलेच नशीब फुटके समजून दार लावून बसले होते.

हे कळताच कालक स्वतः त्यांच्या झोपडीत आला. "तुझ्या घराला जन्मभर निवडक धान्य देईन. फक्त गप्प बस."

"माझे पाय धड आहेत, शेटजी. ज्यांचे गेले, त्यांना काय देता?"

कालक खाली मान घालून निघून गेला.

गावात संताप पेटला. तरुण पलिते घेऊन कोठाराकडे धावले. बोधिसत्त्व कोठाराच्या दारात वाट अडवून उभे राहिले.

"माझ्याही मनात हेच आहे," ते ओरडले. "पण कोठार जळले तर खाणार काय? आणि उद्या दुसरा कालक आला, तर पुन्हा एकेकट्यानेच कण्हायचे का? पलिते विझवा. सुपे घ्या."

बाजाराच्या दिवशी प्रत्येक घरातून एक जण सूप घेऊन आला. त्यांनी दुकानासमोर घरात उरलेला हरभरा पाखडला, लाखोळी निवडून राजवाड्याच्या दाराशी ओतली आणि नवे धान्य न घेताच घरी गेले. असे तीन बाजार गेले. लोकांनी पाला आणि कंद खाऊन दिवस काढले. बोधिसत्त्वांच्याही घरी दुसरे काही शिजले नाही.

चौथ्या बाजारी राजा खाली उतरला. समोरून सुमना हातांवर सरकत येत होती. राजाने मान फिरवली. नंदिला म्हणाली, "बघा महाराज. आम्ही रोज बघतो."

कालकाला राज्याबाहेर घालवण्यात आले आणि त्याची कोठारे गावाच्या ताब्यात आली. राजाने बोधिसत्त्वांना धान्याधिकारी नेमायचे ठरवले.

"नको महाराज. नेमलेल्या एकट्या माणसाला विकत घेता येते. प्रत्येक पेठेत लोकांनीच निवडलेले लोक धान्य तपासू देत. त्यासाठी त्यांना कोणाची परवानगी लागू नये."

राजाने ते मान्य केले. सुमनेचे पाय मात्र परत आले नाहीत. ती त्या तपासणाऱ्यांमधली पहिली झाली.

ही कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या गावकऱ्यांना म्हणाले, "तेव्हाची सुमना म्हणजे आजची भिक्षुणी विशोका. राजा म्हणजे हा तुमचा ग्रामप्रमुख. कालक म्हणजे तो तेलात भेसळ करणारा व्यापारी, ज्याच्याबद्दल तुम्ही फक्त कुजबुजता. आणि तो बुरूड मीच होतो."

एका उपासकाने विचारले, "आणि भगवन्, दोन हिवाळे गप्प बसलेले ते शेजारी?"

"ते माझ्यासमोर बसले आहेत," शास्ते म्हणाले. "मी तेव्हा आचरली ती वीर्यपारमिता, म्हणजे न खचता झटत राहण्याची परिपूर्णता. तुम्हाला ती अजून आचरायची आहे."