मुद्दाम हरलेले अकरा डाव

"...मग ती बोलत का नाही, आपा? पुस्तकात सांगितलंय ते सगळं करून झालं."

शार्दूल निकम हे तिसऱ्यांदा विचारत होता. मुलांच्या मानसोपचारातलं सुवर्णपदक, दारावर नावाची नवीकोरी पाटी, आणि समोर चार महिने तोंडातून शब्द न काढणारी तेरा वर्षांची ओवी. गड्यानं पार हात टेकले होते.

हमीदाआपांनी मिरजेत चाळीस वर्षं अशाच मुलांसोबत काढली होती. अडलेले समुपदेशक त्यांच्याकडे येत. आपा बोलायच्या कमीच.

"गुरुवारी शेवटची भेट," शार्दूल म्हणाला. "नाहीच बोलली तर आई तिला वसतिगृहात टाकणार आहे. पोरगी हातची जाईल, आपा."

"भेटीत करतोस काय?"

"कॅरम खेळतो. अकरा डाव झाले."

"जिंकलं कोण?"

"अकराही तीच." हे सांगताना स्वारी जरा फुशारलीच. "तिला हुरूप यावा म्हणून मी मुद्दाम हरतो. कॉलेजात चॅम्पियन होतो मी. पण तिला पत्ता लागू दिलेला नाही."

आपा उठल्या.

कपाटामागचा बोर्ड काढला, सोंगट्या लावल्या, पावडर टाकली. म्हणाल्या, "चल, एक डाव."

शार्दूलनं पहिल्याच फटक्यात दोन सोंगट्या घेतल्या.

आपांनी भोकाच्या तोंडावरची सोंगटी चुकवली. मग दुसरी चुकवली. राणी तर हाताशी होती, तीही सोडून दिली.

"वा," त्या म्हणाल्या. "काय हात आहे रे तुझा."

शार्दूलचे कान तापले. "आपा, नीट खेळा ना. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

आपांनी स्ट्रायकर खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

डाव अर्धाच राहिला.

गुरुवारी शार्दूल खरा खेळला. राणी घेतली, कव्हर केली. ओवी सात सोंगट्यांनी हरली.

ती बोर्डाकडे बघत राहिली. संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही पण खोटंच," ओवी म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "घरी पण सगळे तसंच करतात. बाबा दुबईला गेलेत म्हणतात. ते घर सोडून गेलेत. मला माहितीये."

मग ती रडली, आणि रडत रडत बोलत राहिली. बाहेर बाकावर बसलेल्या आईनं लेकीचा आवाज ऐकला आणि तोंडाला पदर लावला. वसतिगृहाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

भेट संपताच शार्दूल तडक आपांकडे आला. छातीवरचा धोंडा उतरला होता. हसू की रडू, त्याला कळेना.

"बोलली, आपा. पुढच्या गुरुवारी येते म्हणाली. स्वतःहून."

आपांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. त्यांनाही बरं वाटलं होतं.

दारापर्यंत गेलेला शार्दूल थबकला.

"पण आपा... ती पुन्हा हरली आणि पुन्हा रडली, तर?"

"रडेल की. तू पुढच्या डावाच्या सोंगट्या लावायला घे."