आरशासारखी बादली

एका गावात तुळजाराम नावाचा एक बादल्या बनवणारा होता. प्लॅस्टिकचा दाणा वितळवायचा, साच्यात भरायचा आणि साच्यातच सावकाश निवू द्यायचा. बादली निघायची ताकासारखी पांढुरकी, पण ठणठणीत.

दिवाळी जवळ आली. अभ्यंगस्नानाला घरोघरी नवी बादली हवी. तुळजारामला घाई झाली. तो कढत बादल्या साच्यातून ओढून थेट विहिरीच्या गार पाण्यात बुडवू लागला. गंमत म्हणजे त्या जास्तच देखण्या निघाल्या. “आरशासारखी बादली!” असं ओरडत त्यानं त्या गावभर विकल्या.

आता आतली गोष्ट ऐका. प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब धाग्यांचा गुंता. सावकाश निवलं, तर बरेच धागे घड्या घालून शेजारी शेजारी बसतात. बाकीचे मोकळे राहतात, म्हणून बादली आपटली तरी फुटत नाही. एकदम गारठवलं, तर बिचाऱ्यांना बसायला सवडच मिळत नाही. मग पुन्हा कढत काही लागलं, की राहिलेले धागे जागा शोधू लागतात आणि बादलीला ओढून वाकडी करतात.

सणाच्या आठवडाभर आधी बायकोनं, चंद्रभागेनं, घरी ठेवलेल्या तसल्याच बादलीत पारखायला बंबातलं कढत पाणी ओतलं आणि हाक मारली.

“अहो, ही बादली की रुसलेली जाऊबाई? तोंड बघा कसं वाकडं केलंय!”

तुळजाराम मटकन खाली बसला. “अगं, गावभर हीच गेलीय. कुणाच्या पोरावर कढत पाणी सांडलं तर?”

“मग बसलात काय? सणाशिवाय कुणी नवी बादली काढत नाही. आणा परत.”

“लोक हसतील गं.”

“हसू द्या. भाजण्यापेक्षा हसलेलं बरं.”

तो हातगाडी घेऊन निघाला. पहिलंच घर येसूआत्याचं. आत्या कसली सोडते!

“काय रे, परवा तर आरसा म्हणून दिलास!”

“आरसा परत द्या, आत्या. दिवाळीला बादली देतो.”

गावातून परत आणलेल्या सगळ्या बादल्या त्यानं पुन्हा वितळवल्या. वितळलेलं प्लॅस्टिक जुना आकार धरून बसत नाही. लोक दारात खोळंबले. “काढ की आता!” म्हणाले. त्यानं साच्याला हात लावला नाही. “निवू द्या,” एवढंच म्हणाला.

नरकचतुर्दशीला घरोघरी बादल्यांतून वाफा निघाल्या. येसूआत्या म्हणाली, “दिसायला ताक, पण उभी आहे हो ताठ!”

तुळजारामच्या घरी मात्र ती वाकडीच उरली होती. चंद्रभागेनं तिच्यात कोमट पाणी घेतलं आणि नवऱ्याच्या पाठीला उटणं चोळता चोळता म्हणाली, “हिला वितळवू नका. तुम्हाला पुन्हा घाई झाली, की समोर आणून ठेवीन.”

तात्पर्य: निवायला दिलेला वेळ वाया जात नाही, कढत पाणी पडतं तेव्हा तोच कामी येतो, आणि घाईत झालेली चूक वेळीच परत घेतली, तर तिच्यातूनही नवं, धड काहीतरी घडवता येतं.